ळ, ल आणि त्वरित निकाल

‘संगणकाने दिला तो निकाल अचूक’ अशी एक नवी अंधश्रद्धा आपल्याकडे रूढ होऊ पाहत आहे. तिला आमचा स्पष्ट विरोध आहे. शासकीय सेवेत आयुष्य गेल्यामुळे दप्तरदिरंगाई म्हणजे काय, हे आम्ही पुरेपूर जाणतो. त्या दिरंगाईची तरफदारी आम्हांस करावयाची नाही.

मध्य प्रदेशात जून 2022 मध्ये दतिया व सीहोर जिल्ह्यांत ‘सायबर तहसील’ सुरू झाली आणि 29 फेब्रुवारी 2024 रोजी ती सर्व 55 जिल्ह्यांना लागू झाली. पांढुर्णा व सौंसर मिळून ऑक्टोबर 2023 मध्ये झालेला आपला नवा जिल्हाही त्यांत आला. संपूर्ण खसरा क्रमांकाची निर्विवाद विक्री झाली की रजिस्ट्रीची माहिती आपोआप महसुली प्रणालीत जाते आणि पक्षकाराने वेगळा अर्ज न करताही नामांतरणाचे प्रकरण उभे राहते. ही सुधारणा स्वागतार्हच आहे.

परंतु या यंत्रणेचा स्वभाव ओळखला पाहिजे. आलेली नोंद तत्क्षणी पडताळावी, व्यवहार पूर्ण करावा किंवा मुळीच करू नये, हे तिचे तत्त्व. बँकेत ते वरदान ठरते. एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्यात जमा झालीच नाही, असे अर्धवट काही उरत नाही. मात्र दोन नोंदी परस्परांशी जुळतात की नाही, एवढेच तिला कळते. नोंद खरी की खोटी, हे कळत नाही. मूळ नोंदच चुकलेली असेल, तर तीच चूक ती दसपट वेगाने सर्वत्र पोहोचवते.

आपल्या घराण्यांचा प्रश्न येथेच उभा राहतो. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग मध्य प्रदेशात राहिला आणि पुढे कारभार हिंदीत चालला. हिंदीत ‘ळ’ चालत नाही. त्यामुळे काळ्यांचे ‘काले’ झाले, ढोबळ्यांचे ‘ढोबले’. आजोबांच्या नावापुढील ‘जी’ किंवा ‘राव’ एका कागदावर राहिला, दुसऱ्यावरून गळला. गावच्या पटवाऱ्याला ही सारी एकाच माणसाची नावे. संगणकाच्या संकेतावलीत मात्र ‘ल’चा क्रमांक 0932, ‘ळ’चा 0933. जेथे नावे अक्षरशः ताडून पाहिली जातील, तेथे एवढ्याशा फरकाने बाप आणि लेक परके ठरतील.

त्वरेचे समर्थक म्हणतील, चूक झाली तर दुरुस्तीचा अर्ज करावा. हा न्याय अजब आहे. चूक क्षणात व्हावी आणि ती निस्तरण्यासाठी संत्र्याची तोड सोडून शेतकऱ्याने तहसिलीच्या पायऱ्या झिजवाव्यात! शिवाय वारसांची, चार भावांच्या हिश्श्यांची सामाईक खाती या वेगवान वाटेत बसतच नाहीत. आणि जुन्या कुटुंबांची खाती बहुधा अशीच असतात.

म्हणून आमच्या मागण्या तीन. मराठी नाव मूळ रूपात स्वतंत्र रकान्यात राहावे. नकार कधीही यंत्राने देऊ नये. त्याखाली कारण आणि अधिकाऱ्याची सही असावी. नोंद कोणी, केव्हा व कोणत्या कागदावरून बदलली, हे खातेदारास विनासायास पाहता यावे.

तोवर वाचकांनी घरची जुनी खातेपुस्तिका काढून आजच्या खसऱ्याशी ताडून पाहावी. आपला ‘ळ’ कोठे हरवला, हे विक्रीच्या दिवशी कळण्यापेक्षा आज कळलेले बरे.