डांबरगोळ्या टाकू नका, कपाट रिकामे करा

वन बीएचकेमधले भिंतीतले कपाट उघडले की बहुतेक घरांत एकच वास येतो, डांबरगोळ्यांचा. पुष्कळांना तो स्वच्छतेचा वास वाटतो. माझे मत उलट आहे. ज्या कपाटाला डांबरगोळी लागते, ते कपाट आवरायला झाले आहे.

डांबरगोळी म्हणजे बहुधा नॅप्थलीन. हा पदार्थ घन अवस्थेतून थेट वाफ होतो, म्हणून गोळी हळूहळू लहान होते. ती वाफ आपल्या श्वासात आणि कपड्यांत जाते. कसर मारायला ही वाफ बंद पेटीत दाट साठावी लागते. दिवसातून दहा वेळा उघडणाऱ्या कपाटात ती साठत नाही, झोपायच्या खोलीत पसरते. शिवाय कसर खाते ती मुख्यतः लोकर आणि रेशीम. तुमच्या कपाटात सुती शर्ट आणि सिंथेटिक ड्रेस असतील, तर गोळी नेमकी कोणासाठी?

धोका सर्वांत जास्त बाळांना आहे. बाळाला आधी जुने, मऊ कपडे घालायची आपल्याकडे पद्धत आहे. चांगलीच आहे. पण ती झबली, टोपडी, दुपटी वर्षानुवर्षे डांबरगोळ्यांत ठेवलेली असतात. काही मुलांच्या रक्तात जन्मतःच जी६पीडी हे एन्झाइम कमी असते. मुलग्यांमध्ये हे जास्त आढळते आणि वरून काहीच दिसत नाही. अशा बाळाच्या तांबड्या पेशी नॅप्थलीनमुळे फुटू लागतात. बाळ पिवळे किंवा फिकट पडते, लघवी गडद होते. नवजात बाळाची कावीळ फार वाढली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तेल लावलेल्या त्वचेतून नॅप्थलीन जास्त शोषले जाते, आणि आपण तर रोज मालिश करतो.

‘आमच्या आजीने आयुष्यभर वापरल्या, काही झाले नाही,’ हे उत्तर मला नेहमी मिळते. आजीची ट्रंक माळ्यावर होती, वर्षातून एकदा उघडायची. तुमचे कपाट पलंगाच्या पायथ्याशी आहे. ‘मग कापूर ठेवतो, तो नैसर्गिक आहे,’ असेही म्हणतात. लहान मुलाने कापूर खाल्ला तर झटके येऊ शकतात.

खरा दोष गच्च भरण्याचा आहे. हवा खेळत नाही, ओल राहते, बुरशी धरते, धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात आणि घरातल्या दमेकऱ्याचा त्रास वाढतो. गोळीने ओल जात नाही, फक्त कुबट वास झाकला जातो. ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेल्या कपड्यांची किंमत तुमची फुप्फुसे देत असतात.

म्हणून एवढे करा:

१. पावसाळा संपला की उन्हाच्या दिवशी कपाट पूर्ण रिकामे करा. सगळ्यांनी मिळून करा, हे एकट्या बाईचे काम नाही.

२. दोन दिवाळ्यांत अंगावर न आलेला, धडका कपडा देऊन टाका.

३. आतली बाजू पुसून पूर्ण वाळू द्या. एक तृतीयांश जागा मोकळीच ठेवा.

४. लोकरीचे आणि रेशमी कपडे स्वच्छ करून, पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कसर मळक्या कपड्यावर आधी येते.

५. बाळाचे जुने कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. तरीही वास राहिला तर ते बाळाला घालू नका.

मुलाने गोळी गिळली तर ओकारी काढू नका. दूध, तूप, तेल देऊ नका. पाकीट बरोबर घेऊन लगेच रुग्णालयात जा. ‘आता तर खेळतोय’ म्हणून थांबू नका, त्रास एक-दोन दिवसांनीही सुरू होतो.

कपाटातल्या गोळ्या आज काढा. आवरायला हवा तर रविवार घ्या.