पेटीवरचं नाव पुसा, पाडव्यापर्यंत मुदत आहे

आंब्याचे तमाम व्यापारी, दलाल, हमरस्त्याकडेचे स्टॉलवाले, पेट्या छापून देणारे प्रेसवाले आणि आमचेच बागायतदार भाऊबंद यांना या कागदाने जाहीर कळवण्यात येतं, की येत्या गुढीपाडव्यापर्यंत मुदत आहे. पाडव्यानंतर ‘देवगड हापूस’ छापलेल्या पेटीत कोकणाबाहेरचा आंबा सापडला, तर समजूत घालायला कुणी येणार नाही. सरळ तक्रार होईल.

गेल्या हंगामात आमच्या वाडीतला एक मुलगा पुण्यात नोकरीवर होता. घरच्या पेट्या पोचायला उशीर झाला म्हणून त्याने रस्त्यावरून एक पेटी विकत घेतली. वर ठळक अक्षरांत ‘अस्सल देवगड’. खोलीवर जाऊन उघडली, तर पेंढ्याखाली कानडी वर्तमानपत्र. आंबा जाड सालीचा, कापल्यावर फिकट. पोराने फोटो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं : ‘नाव आमचा, आंबो दुसऱ्याचो.’ निदान रद्दी तरी मराठी घालायची होती, असं आम्ही हसून म्हणालो. हसण्याचे दिवस तिथेच संपले.

कर्नाटकातल्या शेतकऱ्याशी आमचं भांडण नाही. त्यानेही कलम लावलंय, राखण केलीय, त्याचा आंबा त्याच्या गावाच्या नावाने खुशाल विकावा. हिवाळ्यात आफ्रिकेतल्या मलावीचा हापूस वाशीच्या बाजारात येतो, तो मलावीच्या नावाने विकला जातो, आणि त्यावर आम्ही कधी चकार शब्द काढला नाही. भांडण आहे ते मधल्यामध्ये नाव बदलणाऱ्याशी.

आता कायदा ऐका. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ट्रेडमार्क एका माणसाचा किंवा एका कंपनीचा असतो, मानांकन मुलखाचं असतं. 1999 च्या भौगोलिक मानांकन कायद्यात खोटं मानांकन लावणाऱ्याला आणि तसा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. गुन्हा दखलपात्र आहे. उपअधीक्षक दर्जाचा पोलीस अधिकारी रजिस्ट्रारचं मत घेऊन वॉरंटाशिवाय झडती घेऊ शकतो, माल जप्त करू शकतो. प्रेसवाल्यांनो, खोट्या नावासाठी केलेला ब्लॉक किंवा प्लेट जवळ बाळगणं हासुद्धा याच कायद्याने गुन्हा आहे. ‘गिऱ्हाईक मजकूर देतं, आपण छापतो’ हे कोर्टाला सांगून बघा.

‘मला काय ठाऊक, पेटी अशीच आली,’ हे स्टॉलवाल्यांचं पेटंट उत्तर. त्यालाही कायद्यात जागा आहे, पण तुम्ही समजता तेवढी ऐसपैस नाही. माल घेताना वाजवी खबरदारी घेतली होती हे दाखवावं लागतं आणि विचारल्यावर तो कुणाकडून घेतला ते सगळं सांगावं लागतं. म्हणून आजपासून प्रत्येक पेटीची पावती जपा. पावती नसेल तर ती पेटी तुमचीच धरली जाईल.

कुणी शहाणा म्हणेल, मीच ‘देवगड’ नावाचा ट्रेडमार्क काढतो. काढून बघा. ज्या मुलखाचं मानांकन आहे त्याचं नाव भलत्या मुलखातल्या मालावर ट्रेडमार्क म्हणून नोंदवून लोकांची दिशाभूल करायला हाच कायदा मनाई करतो.

आणि हो, पोकळ धमकी देणाऱ्यावरच उलट दावा लावता येतो, हे ट्रेडमार्क कायद्याचं कलम 142 आम्हीही वाचलंय. म्हणूनच हा कागद लिहिण्याआधी पेट्यांचे फोटो, स्टॉलच्या जागा आणि तारखा वहीत उतरवून ठेवल्या आहेत.

इथवर दुसऱ्यांना सांगितलं. आता घरच्यांना.

भाऊबंदांनो, कानडी वर्तमानपत्र घातलेल्या त्या पेटीचं लाकूड आपलं होतं. छाप आपल्यातल्याच एका बागेचा होता. ती तिकडे उडून गेली नाही. हंगाम संपल्यावर रिकाम्या पेट्या भंगाराच्या भावाने कोण विकतं? झाडावर आंबा कमी धरला की बाहेरचा ट्रक रात्री मांगरात कोण उतरवून घेतं? दलालाने पट्टीत दोन पैसे जास्त धरतो म्हटल्यावर आपलं नाव त्याला ‘वापरा’ म्हणून कोण देतं? हे नाव भाड्याने द्यायची वस्तू नाही. मानांकनाचा हक्क विकता येत नाही, कराराने दुसऱ्याला वापरायला देता येत नाही, गहाणही टाकता येत नाही. फक्त वारसाकडे जातो. बागेसारखा खंडाने द्यायचा म्हणाल, तर तो तुमच्या हातात नाही.

अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करायला अर्जाची फी आहे 10 रुपये. दहा! त्यात आता चहासुद्धा येत नाही. तरी आपल्यातले कितीतरी जण चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात अर्ज पाठवायचा कंटाळा करतात आणि वाशीत नकली आंबा आला की गळा काढतात.

ज्यांचा स्वतःचा छाप आहे, त्यांनी ट्रेडमार्कही नोंदवावा. एकट्या बागायतदाराला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला 4,500 रुपये आहे, नोंदणी दहा वर्षांची आणि पुढे नूतनीकरण. ताजा आंबा 31 व्या वर्गात येतो, डबाबंद पल्प 29 मध्ये, सरबत 32 मध्ये. माझ्या वडिलांचा छाप मी फक्त 31 मध्ये नोंदवला. चार वर्षांनी त्याच नावाचा पल्प दुकानात दिसला, तेव्हा कळलं की दार लावलं पण खिडकी उघडीच राहिली. तो पल्प कुणाचा ते इथे लिहीत नाही, वकिलाकडे लिहिलंय.

तेव्हा मी गप्प बसलो होतो, हेही सांगतो. ‘कोण कोर्टाच्या पायऱ्या झिजवणार?’ गप्प बसण्याची किंमत कायद्यात लिहिलेली आहे. तुमच्या छापासारखा छाप कुणी नंतर नोंदवून घेतला आणि तो वापरतोय हे ठाऊक असूनही तुम्ही सलग पाच वर्षं चालू दिलं, तर तो रद्द करून घ्यायचा तुमचा हक्क जातो. अपवाद एकच, त्याने अर्जच कपटाने केलेला असणे. ते सिद्ध करत बसण्यात आयुष्यातले किती पाडवे जातील, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

मागण्या तीनच आहेत. व्यापाऱ्यांनी खोट्या छापाच्या पेट्या बाजारातून उचलाव्यात. प्रेसवाल्यांनी त्यांचे ब्लॉक मोडावेत आणि मानांकनाचा दाखला बघितल्याशिवाय नवी ऑर्डर घेऊ नये. बागायतदारांनी घरातल्या रिकाम्या पेट्यांवरचा छाप रंधून काढावा, नाहीतर त्या चुलीत घालाव्यात.

मोहोर सुटलाय, पाडवा फार लांब नाही. पाडव्यानंतरच्या पहिल्या तक्रारीत पहिलं नाव आपल्याच वाडीतलं असेल, असं आम्ही ठरवलंय. रात्रीचा ट्रक गेल्या वर्षी ज्याच्या मांगरात उतरला तो माझा सख्खा चुलतभाऊ आहे. हा कागद काल त्याला ओटीवर बसवून शेवटपर्यंत वाचून दाखवला.