नकाशात राहिलेली वेस

हिंगोली जिल्ह्यातल्या हट्ट्यासारख्या गावातून बारावी करून परभणीला किंवा नांदेडला खोली शोधायला गेलेल्या मुलाला घरमालक आधी नाव विचारतो, मग आडनाव. तेवढ्याने उलगडा झाला नाही, तर गावात घर कोणत्या बाजूला, हेही विचारून होते. मग खोली कालच गेल्याचे कळते. याला आपण लोकांच्या मनातली रूढी म्हणतो आणि विषय सोडून देतो. इतिहासकाराने तो तिथे सोडू नये.

अमेरिकेत काळ्या-गोऱ्यांच्या वस्त्या वेगळ्या का, याचे उत्तरही बरीच वर्षे 'ज्याची त्याची आवड' असेच दिले जाई. रिचर्ड रॉथस्टीन यांनी 2017 मध्ये 'द कलर ऑफ लॉ' या पुस्तकात सरकारी कागदच साध्या भाषेत लोकांपुढे ठेवले. 1930 च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले, काळ्यांच्या वस्त्या लाल झाल्या आणि तिथल्या गृहकर्जांना सरकारी हमी मिळेना. बापाला घर नाही म्हणून मुलाकडे भांडवल नाही. 1968 मध्ये भेदभावाला कायद्याने बंदी आली, तोवर इतरांची घरे कितीतरी महागली होती. मुंबईतल्या जात आणि घर यांच्या नात्यावर जुनेद शेख यांचे 'आउटकास्ट बॉम्बे' 2021 मध्ये आले, तेही इंग्रजीत.

आपल्या खेड्यांचे काय? गावकूस पडून जमाना झाला, पण गावठाणाची हद्द सरकार ठरवते; पूर्वी निजामाच्या महसुली कायद्याने, आता 1966 च्या जमीन महसूल संहितेने. कुटुंबे वाढली तशी दलित वस्ती अनेक ठिकाणी गायरानावर सरकली. रमाई आवासचे घरकुल मंजूर होते, पण त्यासाठी पायाखालची जागा आपली असल्याचा कागद लागतो. गायरानावर तीन पिढ्या राहिलेला माणूस सरकारदरबारी अतिक्रमणदारच. म्हणजे ज्याला जागा नाकारली गेली, त्यालाच जागेचा पुरावा मागितला जातो. ग्रामसेवकाला यात दोष देता येत नाही, तो नियमच वाचून दाखवतो.

वेगळी वस्ती किती घातक ठरू शकते, हे मराठवाड्याने 1978 मध्ये पाहिले. 27 जुलैला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव झाला आणि परभणी, नांदेड जिल्ह्यांत दलितांची घरे पेटली. हट्टा तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते. जाळणाऱ्यांना पत्ता विचारावा लागला नाही.

कायदे नाहीत असे नाही. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास आडकाठी करणे 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पण 'खोली गेली' या दोन शब्दांवर गुन्हा कसा शाबित करायचा? उलट 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व फक्त पारशांनाच देण्याचा नियम वैध ठरवला. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता, मात्र सातबारा किंवा नमुना आठ त्याने बदलत नाही.

2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातली निजामकालीन दप्तरे उघडली. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. मराठा आरक्षणाच्या एका मागणीसाठी एवढी यंत्रणा हलू शकते, तर गावोगावच्या जुन्या नोंदींतून कोण कुठे राहत होते आणि कोणती जमीन कोणाच्या नावे कधी गेली, हेही काढता येईल. वसमत-परभणीच्या महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी हे काम घ्यावे, मराठीत लिहावे आणि ग्रामसभेत वाचून दाखवावे. गावठाणांची ड्रोन मोजणी करून मिळकत पत्रिका देणे सुरू असतानाच ते व्हायला हवे; पत्रिका छापून झाल्यावर हरकत घेणे कैकपटीने कठीण जाते.