मागायचं, पण काय आणि कुणासाठी?

मनापासून इच्छा करा, विश्व ती पुरी करील, असं सांगणाऱ्यांची आज वाण नाही. २००६ साली रॉन्डा बर्न यांच्या ‘द सीक्रेट’ या पुस्तकाने या कल्पनेचा घाऊक बाजार मांडला आणि ‘मॅनिफेस्ट करणं’ आता आपल्याकडच्या कॉलेजातल्या पोरांच्याही तोंडी रुळलं आहे. टवाळी करणं सोपं आहे. पण वास्तुपुरुष ‘तथास्तु’ म्हणेल म्हणून घरात अभद्र बोलू न देणाऱ्या आपण ती जरा जपूनच करावी. शिवाय या मांडणीचा एक पुरस्कर्ता मेंदूचा शल्यविशारद होता.

जेम्स डोटी. वडील दारूच्या आहारी गेलेले, आई नैराश्याने खचलेली. १९६८ साली कॅलिफोर्नियातल्या लँकेस्टर गावी, जादूचं सामान विकणाऱ्या दुकानात, बारा वर्षांच्या या मुलाला दुकानदाराची आई भेटली. रूथ तिचं नाव. सहा आठवडे तिने त्याला शिकवलं: अंग सैल सोड, मन शांत कर, अंतःकरण मोकळं कर आणि मग हवं ते डोळ्यांपुढे आण. पोराने यादी केली. डॉक्टर व्हायचं, पोर्श गाडी, रोलेक्स घड्याळ, दहा लाख डॉलर. पुढे तो स्टॅनफर्डमध्ये न्यूरोसर्जन झाला, अफाट श्रीमंतही. मग डॉटकॉमचा फुगा फुटला आणि संपत्ती गेली. हाती राहिले ते एका वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीचे शेअर, तेही दान करायचं वचन दिलेले. शब्द फिरवायला वाव होता. त्याने शेअर देऊन टाकले. अंतःकरण मोकळं करण्याचा धडा आपण इतकी वर्षं गाळलाच होता, असं त्याने २०१६ च्या आत्मकथनात लिहिलं.

गोष्ट मोहक आहे, म्हणूनच सावध व्हायला हवं. डोळे मिटून तीच स्वप्नं पाहणारी आणि डॉक्टर न झालेली मुलं आत्मकथनं लिहीत नाहीत. खुद्द डोटींच्या हकिकतीतही, गुण कमी म्हणून वैद्यकीय शिक्षणाचं दार बंद करणाऱ्या समितीपुढे तो हट्टाने उभा राहिला तो प्रसंग मला ध्यानापेक्षा वजनदार वाटतो. अर्थात, त्या वयात तेवढं धैर्य त्या सहा आठवड्यांतूनच आलं नसेल, असं तरी कुणी सांगावं?

संशोधनाचा कौल मात्र बराच स्पष्ट आहे. १९९९ साली फॅम आणि टेलर या मानसशास्त्रज्ञांनी परीक्षेआधी काही विद्यार्थ्यांना उत्तम गुण मिळाल्याचं चित्र पाहायला सांगितलं, काहींना अभ्यासाला बसल्याचं. पहिल्या गटाने अभ्यासही कमी केला, गुणही कमी मिळवले. मानसशास्त्रज्ञ गाब्रिएल ओटिंगेन यांनाही वर्षानुवर्षांच्या प्रयोगांत हेच दिसलं: नुसत्या गोड कल्पनेत मन आधीच पोहोचलेलं असतं, मग पाय हलत नाहीत. त्यांचा उपाय म्हणजे इच्छेशेजारी आपल्या आतली अडचण मांडून पाहणं. इथे शांत मनाचा खरा उपयोग आहे, असं मला वाटतं. धास्तावलेला माणूस स्वतःच्या आळसाकडे किंवा भीतीकडे बघूच शकत नाही.

आक्षेप आहे तो दुसऱ्या टोकाला. इच्छा फळली तर श्रेय साधनेचं, आणि नाही फळली तर साधकाचा भाव कच्चा! अमेरिकी लेखिका बार्बरा एरनराइक यांनी स्तनाच्या कर्करोगाशी झुंजताना अशा सक्तीच्या सकारात्मकतेचा जाच सोसला आणि २००९ साली त्यावर पुस्तकच लिहिलं. पावसाने दगा दिलेल्या मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ‘तुमची कंपनं कमी पडली’ म्हणणारा माणूस निव्वळ चूक करत नाही, तो क्रूर आहे.

म्हणून आमचा कौल अर्ध्यावर थांबतो. रोज दहा मिनिटं शांत बसून आपल्याला नेमकं काय हवं हे ठरवायला कुणाची हरकत असू नये. त्यात दुसऱ्याचा वाटा किती, हेही विचारावं. बाकी, विश्वाला तुमच्याआमच्याशी देणंघेणं नाही, जे घडतं ते मेंदूच्या लक्ष देण्यातून, असं डोटींनी २०२४ च्या पुस्तकात रोखठोक सांगून टाकलं. हजारो रुपये घेऊन मॅनिफेस्टेशनचे वर्ग चालवणाऱ्यांनी निदान तेवढं वाक्य तरी प्रवेशअर्जावर छापायला हरकत नाही.