भीड आणि संसर्ग

आमच्या धाकट्या सूनबाईस ल्यूपस नांवाचा विकार आहे, ही गोष्ट या सदरांत आम्हीं आजवर लिहिली नव्हती. घरांतील दुखणीं चारचौघांत मांडूं नयेत, अशीच आमची समजूत. परंतु गेल्या भाद्रपदांत जें घडलें त्यांत अपराध सर्वस्वीं आमचा होता. आणि "बाबा, तुम्ही लिहा, कोणाच्या तरी घरीं उपयोगी पडेल," असें तिनेंच सांगितल्यामुळें आज लेखणी उचलली आहे.

हा विकार काय आहे तें प्रथम थोडक्यांत सांगूं. परक्या जंतूंस ओळखून त्यांचा नाश करणारी एक सेना प्रत्येकाच्या शरीरांत असते. कांहीं जणांच्या देहांत या सेनेस आपपरभाव उरत नाहीं, आणि सांधे, त्वचा, मूत्रपिंड अशा स्वकीयांवरच ती तुटून पडते. उपाय म्हणून प्रेडनिसोलोन, मायकोफेनोलेट इत्यादि औषधांनीं तिचीं शस्त्रें काढून घ्यावीं लागतात. शस्त्रें काढलीं कीं बंड शमतें खरें, पण वेशीवरचा पहाराहि उठतो. ल्यूपसच्या रोग्यांस जीं मरणें येतात त्यांच्या प्रमुख कारणांत संसर्गाची गणना होते. हें सर्व आम्हांस डॉक्टरांनीं नीट समजावून सांगितलें होतें. ठाऊक असून जें केलें तें आतां सांगतों.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशीं आमच्याहून वडील असलेले एक आप्त दर्शनास आले. त्यांस खोकला होता. सूनबाई तोंडास मास्क बांधून स्वयंपाकघराच्या दारांतच उभी राहिली. आम्हांस तें अवघड वाटलें. आम्हीं म्हटलें, "अग, पुढें ये, नमस्कार कर, आणि तोंडावरचें तें काढ, वडील माणसांसमोर बरें दिसत नाहीं." तिनें एकवार आमच्याकडे पाहिलें आणि मास्क काढला. त्यांनीं तिला मायेनें जवळ बसवून घेतलें व अर्धा तास तिच्या प्रकृतीची चौकशी केली. चौकशी चालू असतां ते अधूनमधून खोकत होते.

चौथ्या दिवशीं तिला ग्लानि आली. तापमापकांत ९९.४ अंश. आम्ही म्हणालों, कणकण आहे, सणाची दगदग झाली. प्रेडनिसोलोन घेणाऱ्या रोग्याचा ताप पुष्कळदां अंगांतच दबून राहतो, आंकडा लहान दिसला म्हणून दुखणें लहान नसतें, हें त्या क्षणीं कोणासच आठवलें नाहीं. सहाव्या दिवशीं चिरंजीवांनीं तिला रुग्णालयांत नेलें तेव्हां दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया पसरला होता. अकरा दिवस ती तेथें होती. त्यांतील पहिले तीन प्राणवायूच्या नळीवर. त्या तीन रात्रीं आम्ही बांकावर बसून काय विचार करीत होतों तें लिहवत नाहीं.

पुढें त्या आप्तांस हें कळलें. त्यांनीं दूरध्वनि केला आणि एवढेंच म्हणाले, "अहो, मला आधीं सांगावयाचें, मी आलोंच नसतों." ज्यांची भीड धरून आम्हीं सूनबाईचा जीव पणास लावला, त्यांस त्या भिडेची गरजच नव्हती!

आमचें घर सोंवळ्याचें. त्यामुळें येथें रोगजंतूंस थारा नाहीं, अशी आमची एक गोड समजूत होती. आतां विचार करतां दिसतें कीं, सोंवळ्याचा रेशमी मुकटा कित्येक महिने साबणाचें तोंड पाहत नाहीं, आणि स्नान करून पाटावर बसलेला मनुष्य खोकला तर त्याच्या खोकल्याचे तुषार ओंवळ्या माणसाच्या तुषारांइतकेच घातक असतात. याच्या उलट सुश्रुत पाहा. संहितेच्या निदानस्थानांत, कुष्ठाच्या प्रकरणाअखेर, एकाचा रोग दुसऱ्यास कसा जडतो तें सांगतांना त्यानें अंगस्पर्श, निःश्वास, सहभोजन, एकत्र शयन आणि आसन, तसेंच दुसऱ्याचीं वस्त्रें, माळा व उटणीं वापरणें हीं कारणें दिलीं आहेत. ज्वर व शोष यांचा तेथें नांवानिशीं उल्लेख आहे. हें वचन आम्हीं वर्गांत अनेकदां समजावून दिलें. तोच निःश्वास आमच्या बैठकींत येऊन बसला तेव्हां मात्र आम्हांस ओळखतां आला नाहीं.

आतां घरांत पुष्कळ बदल झाले आहेत. पंचामृतास निरसें दूध घेत नाहीं, तापवून निवविलेलें घेतों. कच्च्या दुधांतून ब्रुसेलासारखे जंतु पोटांत जातात, आणि धारोष्ण दुधाची कितीहि थोरवी गाइली तरी त्यास इलाज नाहीं. मोड आलेलीं कडधान्यें शिजविल्यावांचून सूनबाईच्या पानांत पडत नाहींत. बाहेरचा उसाचा रस व बर्फ बंद. सर्वांत अधिक नवल आम्हांस दूर्वांचें वाटलें. पावसाळ्यांत अनवाणी पायांनीं परसांत दूर्वा खुडणें हें पूर्वीं तिचें काम असे. ओल्या मातींत एक सूक्ष्म कृमि असतो, स्ट्राँजिलॉइडिस त्याचें नांव. तो तळव्याच्या त्वचेंतून शिरतो. निरोगी माणसांत तो वर्षानुवर्षें मुकाट राहतो, पण प्रेडनिसोलोन चालू असलेल्याच्या देहांत बेसुमार वाढून प्राण घेऊं शकतो. साचलेल्या पाण्यांत उंदरांच्या मूत्रांतून येणारा लेप्टोचा जंतु निराळाच. २००५ सालच्या जुलईंतील महापुरानंतर मुंबईंत त्याची सांथ आली होती. दूर्वा आतां आम्ही खुडतों, तेंहि चपला घालून.

हितचिंतकांचा एक उपद्रव येथें सांगितलाच पाहिजे. ती घरीं परतल्यावर तीन ठिकाणांहून गुळवेलीचा काढा आला. प्रतिकारशक्ति वाढावी म्हणून! गुडूचीस आमच्या कोशांत अमृता म्हटलें आहे, आणि तिजविषयीं आमचा आदर कमी नाहीं. परंतु येथें दुखण्याचें मूळच बिथरलेल्या प्रतिकारशक्तींत आहे. तिला आणखी चेव आणून काय साधावयाचें? गुळवेल घेणाऱ्या कांहीं रोग्यांच्या यकृतास इजा झाल्याचें मुंबईच्या डॉक्टरांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केलें. आयुष मंत्रालयानें तें मान्य केलें नाहीं. वादाचा निकाल कांहींहि लागो, आम्हीं काढे तुळशीस घातले.

लशींविषयीं दोन शब्द. इन्फ्लुएन्झाची दरसालची आणि न्यूमोनियाची लस या मृत जंतूंच्या किंवा त्यांच्या अंशाच्या असतात. त्या तिला देतां येतात, आणि इन्फ्लुएन्झाची आतां आम्ही सारेच टोंचून घेतों. कांजिण्या, गोवर यांच्या लशींत जिवंत दुबळे जंतु असतात. अशी औषधें चालू असतां त्या बहुधा वर्ज्य. घरांत तान्हें मूल असेल तर पोलिओचे थेंब देण्यापूर्वीं डॉक्टरांस रोग्याविषयीं सांगावें, कारण तो विषाणु बाळाच्या शौचांतून कित्येक आठवडे बाहेर पडत असतो. आणि ताप आला म्हणून प्रेडनिसोलोन आपल्याच बुद्धीनें एकाएकीं बंद करूं नये. शरीर त्या औषधावर विसंबलेलें असतें, व तें तुटल्यानेंहि जीव धोक्यांत येतो. कणकण दिसली कीं आम्ही आतां त्याच दिवशीं डॉक्टरांस विचारतों. दोनदां व्यर्थ विचारलें. ते हंसले नाहींत.

मात्र पाणी उकळणें, हात धुणें, खिडक्या उघड्या ठेवणें हें सगळें आठ दिवसांत अंगवळणीं पडलें. आल्यागेल्यास "आपणांस सर्दी आहे काय?" असें दारांतच विचारावयास आमची जीभ अजून अडखळते. म्हणून आम्हीं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून तो दारावर लावला. शेजारीं थोडी कुजबुज झाली. एक बाई रुसून परत गेल्या, त्या अद्याप रुसलेल्याच आहेत.

संक्रांतीस तेच आप्त आले. पुठ्ठा त्यांनीं चष्मा लावून सावकाश वाचला, नाकास रुमाल लावला, आणि तिळगुळाचा डबा ओट्यावर ठेवून अंगणांतूनच हांक मारली, "सूनबाई, आज थोडें पडसें आहे, मी येथूनच जातों." सूनबाईनें खिडकींतूनच वांकून नमस्कार केला.