इंग्रजी : डोळ्यांची आणि मुखाची

मराठी शाळेतून इंग्रजी शिकून बाहेर पडलेल्या मनुष्याची स्थिती मोठी विलक्षण असते. इंग्रजी वर्तमानपत्रातील अग्रलेख त्याला समजतो, कचेरीतील पत्रव्यवहाराचा मसुदा तो बिनचूक करतो, कर्तरी प्रयोगाचा कर्मणी प्रयोग करून दाखविण्यात त्याचा हात धरणारा सापडणे कठीण. परंतु परप्रांतातील एखाद्या अधिकाऱ्याशी दूरध्वनीवर चार वाक्ये बोलण्याचा प्रसंग आला, की हाच मनुष्य काहीतरी सबब सांगून ते काम शेजारच्या सहकाऱ्याकडे सोपवितो. गेली कित्येक वर्षे माझ्याकडे सायंकाळी इंग्रजीच्या सरावासाठी जी प्रौढ मंडळी येतात, त्यांत तलाठी आहेत, बँकेतील कारकून आहेत, औषधविक्रेते आहेत, रुग्णालयातील परिचारिका आहेत. आणि आपल्याला इंग्रजी येतच नाही, असा जो पक्का ग्रह त्यांच्यापैकी बहुतेकांनी करून घेतलेला असतो, तो मला मुळातच चुकीचा वाटतो. त्यांना इंग्रजी येते. ते डोळ्यांना येते, जिभेला आणि कानाला येत नाही, एवढेच.

व्याकरणाच्या बाबतीत तर मराठी विद्यार्थ्याची पूर्वतयारी चांगली झालेली असते. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्यापुढे लिंडले मरे याच्या इंग्रजी व्याकरणाचा आदर्श होता. आणि नामापासून केवलप्रयोगी अव्ययापर्यंत शब्दांच्या ज्या आठ जाती आपण शाळेत पाठ केल्या, त्या त्याच वळणाने आपल्याकडे रूढ झाल्या. इंग्रजी व्याकरणाची परिभाषा आपण अशा रीतीने मराठीच्या तासालाच शिकून बसलेलो असतो. पुढे द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे तीन भाग करून, किंवा रेन आणि मार्टिन यांच्या पुस्तकातील उतारे एकामागून एक सोडवून, कित्येक पिढ्यांनी इंग्रजी लेखनावर प्रभुत्व मिळविले, आणि त्या परिश्रमांविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. तथापि त्या अध्ययनात आवाजाला स्थान नव्हते, आणि इंग्रजी व्याकरणाचा बराच मोठा भाग आवाजातच वसतो, ही गोष्ट आपल्या लक्षात यावयास फार उशीर झाला.

हे विधान उदाहरणाने स्पष्ट करतो. ‘मी त्याला कालच भेटलो’ या वाक्यातील ‘च’ हे अव्यय मराठीचे केवढे मोठे बळ आहे, हे निराळे सांगावयास नको. आपला मनुष्य इंग्रजी बोलताना त्या ‘च’साठी शब्द शोधतो आणि ‘आय मेट हिम यस्टर्डे ओन्ली’ असे म्हणतो. इंग्रज मात्र असा कोणताही शब्द न घालता ‘यस्टर्डे’वर स्वर चढवितो आणि तेवढ्यानेच काम भागवितो. ‘रेकॉर्ड’ हा शब्द नाम असेल तर आघात पहिल्या अवयवावर पडतो, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. ‘ऑब्जेक्ट’, ‘प्रेझेंट’ यांचीही तीच गत. कागदावर दोन्ही रूपे सारखीच दिसत असल्यामुळे, ज्याने ती केवळ वाचली, त्याला हा भेद आहे हेच ठाऊक होत नाही. ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ ही उपपदे मराठीत नाहीत म्हणून आपण ती गाळतो, असे कारण सांगण्याचा शिरस्ता आहे, आणि ते कारण खरेच आहे. परंतु बोलण्याच्या ओघात ती इतकी क्षीण उच्चारली जातात की ती ऐकण्याची सवय कानाला मुद्दाम लावावी लागते, आणि जे ऐकू येत नाही ते तोंडात तरी कोठून येणार?

अर्थात काही चुका थेट मराठीच्या वाक्यरचनेतून उगवतात. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘मला आठवते’, ‘मला थंडी वाजते’ अशा वाक्यांत मराठी माणूस चतुर्थीत उभा असतो आणि अनुभव त्याच्याकडे चालून येतो. इंग्रजीत त्याच माणसाला वाक्याच्या अग्रभागी कर्ता म्हणून उभे राहावे लागते. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हे वाक्य अशा संक्रमणाच्या वाटेवर घडते. त्याहून बिकट बाब दुसऱ्याचे बोलणे सांगण्याची. ‘तो म्हणाला, मी उद्या येतो’ असे म्हणून आपण दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो; इंग्रजीत काळही मागे सरकतो, सर्वनामही बदलते आणि ‘उद्या’चा ‘दुसरा दिवस’ होतो. हा नियम माझ्या वर्गातील प्रत्येकाला पाठ असतो आणि बोलताना बहुतेकांचा सुटतो. त्यावर माझा उपाय असा, की दिवसभरात घरी-दारी झालेले एखादे खरे संभाषण, अर्ज घेऊन आलेल्या शेतकऱ्याशी झालेले असो की वरिष्ठांशी झालेले असो, रात्री एकांतात मोठ्याने इंग्रजीत सांगावे : तो काय म्हणाला, मी काय उत्तर दिले, मग त्याने काय विचारले. आपल्याकडे संस्कृताची शब्दरूपावली खड्या आवाजात म्हणवून घेण्याची जी पद्धत होती, तिच्यातील मर्म हेच होते की रूप जिभेवर बसले म्हणजे ते आठवावे लागत नाही. घोकंपट्टी म्हणून आपण तिला फार घाईने निकालात काढले, असे माझे प्रामाणिक मत आहे.

उच्चाराकडे वळल्यावर तर मराठी भाषकाच्या हाती केवढे धन आहे, याची जाणीव त्याला करून देणे हेच शिक्षकाचे पहिले कर्तव्य ठरते. कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ अशा स्थानक्रमाने मांडलेली आपली वर्णमाला हे ध्वनिशास्त्राचे कोष्टकच आहे. प्रातिशाख्ये आणि शिक्षाग्रंथ यांतील वर्णविचाराचे महत्त्व पाश्चात्त्य अभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकातच ओळखले होते, आणि डब्ल्यू. एस. ॲलन यांनी १९५३ साली प्राचीन भारतातील ध्वनिविचारावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. या वर्णमालेचा उपयोग नकाशासारखा करावा. ‘टेबल’ या शब्दातील इंग्रजी ध्वनी आपल्या ‘ट’इतका मागे नाही आणि ‘त’इतका पुढेही नाही, ‘त’ म्हणून जीभ दातांवरून हळूहळू मागे न्यावी आणि ‘ट’च्या जागी पोहोचण्यापूर्वी, हिरडीच्या उंचवट्यावर, थांबवावी, म्हणजे तो हाती लागतो. (जुनी माणसे ‘पोष्ट’ असे लिहीत आणि म्हणत, त्याला कोणी अडाणीपणा समजू नये, ‘ट’च्या सान्निध्यात ‘स’ मूर्धन्य व्हावा, हा संस्कृत संधीचाच नियम त्यांच्या जिभेने पाळला होता.) ‘थिंक’मधील ध्वनी आपल्या ‘थ’सारखा अडवून सोडावयाचा नसतो; जिभेचे टोक दातांच्या कडेशी ठेवून वारा वाहू द्यावयाचा असतो.

‘व’ची कथा आणखी मनोरंजक आहे. ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ हे इंग्रजीतील दोन वेगळे ध्वनी आपण एकाच ‘व’ने भागवितो. त्यांतील पहिल्यासाठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवून घर्षण करावे लागते. दुसरा कसा साधावा, हे सांगताना मी विद्यार्थ्यांना ‘सु’ आणि ‘आगत’ हे शब्द आधी सुटे आणि मग भराभर म्हणावयास लावतो; ‘स्वागत’ होताना ओठांचा जो चंबू होतो आणि ‘उ’मधून जो ‘व’ निघतो, तो नेमका हवा असलेला ध्वनी असतो. शाळेत यण् संधी शिकलेल्या माणसाला तो आपलाच ओळखीचा ध्वनी निघाला म्हणजे जो आनंद होतो, तो पाहण्यासारखा असतो.

माझ्या वर्गात येणाऱ्या एका परिचारिकेचा सराव मी येथे थोडा विस्ताराने सांगतो. परदेशी रुग्णालयात नोकरी मिळविण्यासाठी तिला इंग्रजी संभाषणाची परीक्षा द्यावयाची आहे. तिचे वाचन उत्तम, शब्दसंग्रह तर माझ्याहून मोठा. अडचण होती ती ‘पिन’, ‘पेन’, ‘पिल’ अशा शब्दांची, कारण इंग्रजी कानाला तिचा निखळ ‘प’ पुष्कळदा ‘ब’ वाटण्याचा संभव होता. मी तिला कागदाची एक अरुंद पट्टी तोंडासमोर धरावयास सांगितली. ‘पिन’ म्हणताना पट्टी हलली नाही. ‘फळ’ हा शब्द जुन्या पद्धतीने, दोन्ही ओठ मिटून म्हणताना ती थरथरली. मग त्या ‘फ’मधील अर्धा श्वास ‘पिन’मध्ये आणावयाचा आणि ‘स्पिन’ म्हणताना पुन्हा काढून घ्यावयाचा, कारण ‘स’नंतर येणारा इंग्रजी ‘प’ आपल्यासारखाच निखळ असतो, अशी तिची साधना सुरू झाली. त्यानंतर आकडे आले. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांतील भेद ती शेवटच्या ‘न’वर सोपवीत असे, आणि तो ‘न’ ध्वनिक्षेपकात किंवा गोंगाटात सहज बुडतो. वास्तविक ‘फिफ्टीन’चा आघात दुसऱ्या अवयवावर असतो आणि ‘फिफ्टी’चा पहिल्यावर. औषधाची मात्रा पंधरा मिलिग्राम की पन्नास, हे ज्या व्यवसायात कानावर अवलंबून असते, तेथे उच्चार हा शोभेचा विषय राहत नाही. तेरा आणि तीस, चौदा आणि चाळीस, अशी जोड्यांची रांग ती आता टेबलावर बोटाने ताल धरून म्हणते.

आघाताचे हे प्रकरण मराठी माणसाला सर्वांत जड जाते, आणि त्याला कारणही आहे. आपली ओवी आणि अभंग अक्षरांवर चालतात, आपली जाती-वृत्ते मात्रांवर. इंग्रजी पद्याचे चरण आघातावर मोजले जातात, आणि इंग्रजी गद्याची चालही तीच आहे. ‘फोटोग्राफ’, ‘फटॉग्रफी’, ‘फोटोग्रॅफिक’ या तीन शब्दांत आघात पहिल्यावरून दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरून तिसऱ्यावर सरकतो, आणि ज्या अवयवावरून तो उठतो तेथला स्वर कोमेजून आपल्या ‘अ’सारखा होऊ लागतो. आपण सर्व अक्षरांना समान न्याय देतो; ऐकणारा आघाताच्या आधाराने शब्द ओळखीत असल्यामुळे तो गोंधळतो. हैदराबाद येथे १९५८ साली इंग्रजीच्या अध्यापनासाठी जी केंद्रीय संस्था स्थापन झाली, तिच्यातील आर. के. बन्सल यांनी भारतीय इंग्रजीच्या सुबोधतेविषयी केलेला अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध झाला, आणि शब्दाघात चुकणे हे दुर्बोधतेचे एक प्रमुख कारण म्हणून त्यातही पुढे आले. शब्दकोशात आघातयुक्त अवयवाच्या आधी एक बारीक उभी रेघ दिलेली असते. नवा शब्द पाहताना अर्थाआधी त्या रेघेकडे दृष्टी टाकावी, एवढी एक सवय लागली तरी पुष्कळ काम होते.

मात्र या सर्व खटाटोपाचे साध्य काय, याविषयी मनात गोंधळ नसावा. डॅनियल जोन्स यांनी १९१७ साली आपला उच्चारकोश सिद्ध केला, तेव्हा त्यांनी दक्षिण इंग्लंडमधील एका विशिष्ट शिक्षित वर्गाचा उच्चार नमुन्यादाखल घेतला होता. खुद्द ब्रिटनमधील बहुसंख्य लोक त्या रीतीने बोलत नाहीत. स्कॉटिश मनुष्य आपला ‘र’ घोळवून बोलतो आणि त्याची त्याला लाज वाटत नाही. आपले बोलणे दुसऱ्याला एका दमात कळावे, एवढेच आपले उद्दिष्ट. आपण कोल्हापूरचे की वऱ्हाडचे हे त्यातून ओळखू आले, तर बिघडले कोठे? परंतु हा निर्भयपणा आपल्याकडे सहजासहजी येत नाही, कारण उच्चारावरून माणसाची पायरी ठरविण्याची रीत आपण इंग्रजांकडून शिकलेलो नाही. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला भर वर्गात हसणारे लोक आपल्याकडे होते, आजही आहेत. आणि मायबोलीत ज्याचे तोंड असे एकदा बंद झाले, तो परभाषेत ते उघडण्याचे धाडस कोणत्या आधारावर करील? माझ्या वर्गात बोलणाऱ्याला हसण्याची सक्त मनाई आहे, आणि हा नियम मी व्याकरणाच्या कोणत्याही नियमाहून अधिक कठोरपणे पाळतो.

२००० साली राज्यातील मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. सहा वर्षांचे मूल गुरुजींच्या तोंडून जे ऐकेल ते हुबेहूब उचलते, आणि त्या वयात ऐकलेले जन्मभर टिकते; पण ते शिकविण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आली, त्या शिक्षकांतील बहुतेकांनी स्वतः इंग्रजीचे पहिले अक्षर पाचवीत किंवा त्याहूनही पुढे गिरविले होते, आणि तेही डोळ्यांनीच. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. शिक्षण खात्याच्या सेवांतर्गत प्रशिक्षणात अहवाल आणि प्रपत्रे यांवर जाणारा काही वेळ काढून दरवर्षी एक आठवडा तरी केवळ बोलण्यासाठी राखून ठेवावा. त्या आठवड्यात शिक्षकांनी मोठ्याने वाचावे, एकमेकांचे ऐकावे, आरशात पाहून ‘व’ आणि ‘थ’ घटवावेत, आणि त्या काळात कोणीही अधिकारी परीक्षक म्हणून तेथे बसू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.