दगड विकण्याआधी चाकू लावून बघा

शेतकरी मित्रांनो, विहिरीत निघालेले चकचकीत दगड पोत्याच्या भावात देऊ नका, आणि हिरा सापडला म्हणून नाचूही नका. आपल्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत कॅल्साइटही असतो, कॅल्सेडनी आणि अकीकही.

चांगला नग बाजूला ठेवा, तुटका तुकडा घ्या. चाकूने ओरखडा उठला आणि त्या भुकटीवर लिंबू पिळल्यावर बुडबुडे आले, तर बहुतेक कॅल्साइट. चाकू चालत नाही, उलट दगडच काचेवर ओरखडा काढतो (काठिण्य ६.५ ते ७), चमक मेणासारखी, फुटलेली बाजू शिंपल्यासारखी वळणदार, तर कॅल्सेडनी. त्यात पट्टे दिसले की अकीक.

भाव ठरवायला जाणकार लागेल. पण दगड ओळखायचं काम व्यापाऱ्यावर कशाला सोडायचं?